हरेश्वर, तुझ्या स्टार्टरचा दोष नव्हता

हरेश्वर, तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. त्याआधीचे अडतीस दिवस आपण बोललो नव्हतो. म्हणजे चोपन्न दिवस झाले, मी तुझ्याशी एक शब्द बोललेलो नाही. यातले सोळा माझ्या हातातले नव्हते, पण अडतीस होते. अठ्ठावीस वर्षं एका मिलमध्ये, एकाच मोटरवर काम केलेली आपण दोन माणसं, आणि मी तुला शेवटचं म्हणालो ते काय, तर "मला गरज वाटली नाही." हे काही शेवटचं म्हणून बोललो नव्हतो रे. मला वाटलं, आठ दिवस फुगशील आणि नवव्या दिवशी डबा घेऊन येशील. तू आला नाहीस. आणि मी यायला पाहिजे होतं, कारण चूक माझी होती. ती कबूल करायची राहिली. बाकी आपल्यात काही राहिलेलं नाही, एवढंच राहिलंय.

मी रागीट आणि तू टोचून बोलणारा. मुरब्याचा जनार्दन पेटतो आणि शिरगावचा हरेश्वर फुंकर घालतो, असं कॅन्टीनवाला म्हणायचा. मी मिलमध्ये लागलो तेव्हा तू माझ्याआधी चार महिने लागला होतास, आणि त्या चार महिन्यांचा सीनियरपणा तू अठ्ठावीस वर्षं सोडला नाहीस. पुढे मी सुपरवायझर झालो, तू इलेक्ट्रिशियनच राहिलास, तरी मला हाक मारायचास ती "ए नवीन" अशीच. नव्या साहेबांसमोरसुद्धा. मी चिडायचो. आता कोण मारणार मला तशी हाक? मिलमध्ये सगळे मला सर म्हणतात, नाहीतर काका.

परवा कागदपत्रांच्या कपाटात कॉलेजच्या पोरांच्या भेटीचा एक फोटो सापडला. तारापूरची एमआयडीसी बघायला आलेली मुलं, आपल्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाच्या सळ्या निघताना बघून हरखलेली. साहेबांनी तुला सांगितलं, हरेश्वर, यांना मेन मोटर दाखव. तू त्यांना मोटरकडे नेलंच नाहीस, थेट तुझ्या स्टार्टरच्या टाकीकडे नेलंस. हजार हॉर्सपॉवरची मोटर राहिली बाजूला, आणि तू कुलूप काढून दाखवत होतास पाणी.

"ही मोटर लय जड हाय," तू म्हणालास. "एकदम चालू केली तर सगळ्या मिलचे दिवे बसतील, नायतर तिचीच हाडं मोडतील. म्हणून तिच्या करंटला आधी ह्या पाण्यातनं चालवायचा. पाण्यात धुण्याचा सोडा हाय, त्याच्यातनं करंट जातो. सोडा नायतर मीठ जास्त झालं की करंट सुसाट जातो, मोटर धक्का खाते. ह्या प्लेटी लांब असल्या की करंटला रस्ता लांब पडतो, मोटर दमानं उठते. मग प्लेटी जवळ जवळ आणायच्या. मोटर पुरी पळायला लागली की पाण्याचं काम संपलं, त्याला बाजूला काढायचं."

एक मुलगी म्हणाली, "बस, एवढंच?" तू म्हणालास, "एवढंच हाय. पण हे एवढंच दर वेळी जमावं लागतं." फोटोत तू तिच्याकडे बघून हसतोयस, आणि मी मागे हाताची घडी घालून उभा आहे, जसा काही तो स्टार्टर माझ्या मालकीचा.

माझ्या मालकीचा तो कधीच नव्हता. कंपनीचाही नव्हता, खरं तर. तो तुझा होता. दर महिन्याला तू त्याच्या प्लेटी स्वतः घासायचास, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. आणि त्याच्यात जाणाऱ्या पाण्याची तर तू चव घ्यायचास. टाकीतल्या सोड्याच्या पाण्याची नव्हे, टाकीत जायच्या आधीच्या पाण्याची. बादली आली की ओंजळ भरायची, तोंडात धरायची, जरा थांबायचं आणि गटारात थुंकायचं. मग मान हलवायची. तू मान हलवल्याशिवाय टाकीत पाणी पडायचं नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा वेडा तरी असेल नाहीतर कुठला बुवा तरी.

मग एका सुट्टीच्या दिवशी तुझ्या वाडीत आलो आणि कोडं सुटलं. तुझ्या दोन विहिरी. घराजवळची गोडी, आणि समुद्राच्या अंगाची, जी तुझ्या वडिलांच्या वेळी गोडी होती आणि नंतर मचूळ झाली. त्या मचूळ पाण्यानं तुझ्या पानवेली पिवळ्या पडायच्या. म्हणून उन्हाळ्यात गोड्या विहिरीचा पंप चालू करायच्या आधी तू रोज तिचं पाणी तोंडात धरायचास. तीसुद्धा फिरते की काय, ही धास्ती तुझ्या घराण्यात मुरलेली. मी म्हटलं, "मला तर दोन्ही विहिरींचं सारखंच लागतं." तुला केवढा आनंद झाला. "तुला कसं कळणार? तुमी मुरब्याची मच्छीवाली माणसं, जन्मल्यापासून खाऱ्यातच." सुलभावहिनींना हाक मारून सांगितलंस, पुढे वर्षभर मिलमध्ये सांगत फिरलास. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मीही हसायचो.

तो खाण्याच्या सोड्याचा किस्सा मी परवा एकट्यानंच आठवला आणि एकटाच हसलो. स्टोअरच्या माणसानं धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याच्या सोड्याची अख्खी गोणी आणली. दिसायला दोन्ही पांढरे, आणि चिठ्ठीवर नुसतं सोडा लिहिलेलं. ती चिठ्ठी माझ्या हातची होती. तू चिमूटभर जिभेवर ठेवलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "नवीन, मोटर चालवायची हाय का भजी तळायचीत?" गोणी कॅन्टीनला गेली. त्यानंतर महिनाभर भजी अशी काही फुगली होती की लोक विचारायला लागले, आचारी बदलला का.

हरेश्वर, माणूस गेल्यावर लोक विचारतात, काय आठवतं. मला काय आठवतं सांगू? तो पाऊण तास. रोल बदलले, काही अडकलं, की मोटर बंद-चालू करावी लागायची. लागोपाठ तीनदा सुरू केली की टाकीचं पाणी तापायचं, आणि ते निवेपर्यंत चौथ्यांदा बटण दाबायचं नाही हा नियम. प्रॉडक्शनवाले डोकं फिरल्यासारखे ओरडायचे. तू त्यांना सांगायचास, "मला कशाला सांगता, पाण्याला सांगा." आणि आपण दोघं टाकीशेजारच्या लाकडी पेटीवर बसायचो. तुझ्या डब्यात कच्च्या केळ्यांची भाजी, माझ्या डब्यात सुके बोंबील किंवा करंदी. डबे उघडले की न बोलता अदलाबदल. माझ्या बायकोनं केलेले बोंबील माझ्यापेक्षा तूच जास्त खाल्लेस. तिला हे ठाऊक होतं, म्हणून चार जास्तच घालायची. मधले अडतीस दिवसही ती चार जास्तच घालत होती. मी तिला सांगितलंच नव्हतं.

त्या पाऊण पाऊण तासांत आपण काय नाही बोललो. तुझ्या मुलीचं लग्न ठरलं ते तिथं. माझ्या मुलानं सांगितलं की मला होडीवर जायचं नाही आणि तुमच्या मिलमध्येही यायचं नाही, तेव्हा मी तिथं बसून रडलो. तू काही समजूत घातली नाहीस. म्हणालास, "बरं झालं. एका घरात दोन नवीन कुठे सांभाळू मी." आणि पान लावून दिलंस. मला आत्ता कुणी विचारलं की काय पाहिजे, तर मी दुसरं काही मागणार नाही. पाणी तापू दे, प्रॉडक्शनवाले ओरडू देत, आणि तू त्या पेटीवर बस.

आपलं भांडण एकच, पण अठ्ठावीस वर्षांचं. मी म्हणायचो लिहून ठेव. पाणी किती, सोडा किती, कागदावर असू दे, उद्या तू नसलास तर काय करायचं. बघ, काय बोलून गेलो मी. तू म्हणायचास, "कागदाला पाण्याची चव कळत नाय." शेवटी मीच लिहिलं. तुझ्या मागे उभं राहून, तू किती सोडा टाकतोस ते मोजून, एवढ्या पाण्याला एवढे किलो, असा कागद छापून पॅनलवर चिकटवला. वर प्लास्टिकसुद्धा लावलं. तू तो कागद वाचलास आणि म्हणालास, "बरोबर हाय." मी खूश. मग म्हणालास, "पण मी सगळा एकदम टाकत नाय. आधी थोडा टाकतो, मोटर उठते कशी ते बघतो, मीटर बघतो, मग बाकीचा. ते कुठे लिहिलंस?" मी म्हटलं, जागा नव्हती. जागा होती, हरेश्वर. तुझं सगळंच बरोबर मान्य करायचं जिवावर आलं होतं.

आता यंदाच्या उन्हाळ्याचं सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा तुझ्यासमोर बोलायचंय.

तू चार दिवस रजेवर होतास, भाचीच्या लग्नाला. टाकीचा खालचा वॉल्व्ह गळायला लागला आणि अर्ध्याहून जास्त पाणी वाहून गेलं. वॉल्व्ह बदलला. नळाला पाणी नव्हतं, दोन दिवस पुरवठा बंद होता, म्हणून टँकर मागवला. टँकर कुठून भरून आला ते मी विचारलं नाही. प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा, भट्टीत माल तापलेला, साहेबांचे दर दहा मिनिटांनी फोन. मी पॅनलवरचा माझा कागद बघितला, सोडा तोलला, बादलीत विरघळवला आणि सगळा एकदम ओतला. बादलीभर पाणी बाजूला काढून कुणाला तरी चाखायला लावावं, हे मनात आलं होतं. खोटं नाही बोलत, आलं होतं. पण चाखून मला कळणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक हसतील, म्हणून सोडून दिलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, पाणी भरले, लेव्हल ठीक, आणि खाली सही केली.

मोटर उठली ती धक्का मारून. मी ऐकलं. कानांना कळलं की ही आपली मोटर अशी उठत नाही. पण फिरत होती, सळ्या निघत होत्या, मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशीही तसाच धक्का. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटर आणि गिअर बॉक्स जोडणारं कपलिंग तुटलं. बोल्ट बंदुकीच्या गोळीसारखे उडाले. कुणाला लागलं नाही हे आपलं नशीब. मिल दोन दिवस बंद.

तू रजा अर्धी टाकून आलास. आल्या आल्या मोटरकडे बघितलं नाहीस, कपलिंगकडे बघितलं नाहीस. ड्रममध्ये टँकरचं पाणी उरलं होतं, तिथं गेलास, ओंजळ तोंडात धरलीस आणि थुंकलास. साहेब होते, ठेकेदाराची माणसं होती, प्रॉडक्शनचा सगळा गाव होता. तू माझ्याकडे बघून हसलास आणि म्हणालास, "मुरब्याच्या माणसाला खारं कळू नये?"

सगळे हसले. तूही हसत होतास. आता विचार करतो तर कळतं, तू रागावला नव्हतास. तू आपल्या रोजच्या पद्धतीनं माझी टिंगल केलीस, तशी हजार वेळा केली होतीस. पण दोन रात्री मी झोपलो नव्हतो, साहेब माझ्याकडे बघत होते, आणि मी सुपरवायझर होतो. मी तिथून उठून गेलो. केबिनमध्ये बसलो आणि रिपोर्ट लिहायला घेतला.

त्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं की स्टार्टर जुना झाला आहे. प्लेटींची हालचाल अडखळते, द्रावणाचं प्रमाण हातानं ठेवावं लागतं, त्यावर भरवसा राहत नाही. पाण्याचे स्टार्टर आता कोणी वापरत नाही. तो काढून नवा इलेक्ट्रॉनिक बसवावा. टँकरचा शब्द नाही, मचूळ पाण्याचा शब्द नाही, माझ्या सहीचा शब्द नाही. एकही वाक्य सरळ खोटं नव्हतं असं मी मनाला सांगत राहिलो, पण एक होतं. प्लेटी अडखळत नव्हत्या. तू महिन्याला हातानं घासलेल्या प्लेटी होत्या त्या.

साहेबांना असलंच काहीतरी हवं होतं. नव्या स्टार्टरची ऑर्डर गेली. तुला ते कळलं तेव्हा तू माझ्या केबिनमध्ये आलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दार वाजवून आलास, तिथंच मला समजायला पाहिजे होतं. तू बसला नाहीस. म्हणालास, "जनार्दन, पाण्याचं लिहिलं नाय?" नवीन म्हणाला नाहीस. मी कागदावरून मान वर न करता म्हटलं, "मला गरज वाटली नाही."

तू दाराकडे वळलास. मग म्हणालास, "नवा आणायचा तर आणा. मी काय नाय म्हणत नाय. पण ह्याला खोटा ठरवून नको." आणि गेलास.

तुझं म्हणणं अगदी साधं होतं. नव्याला तुझा विरोध नव्हता, उलट त्याची माहितीपुस्तिका चष्मा लावून वाचताना मी तुला बघितलं होतं. तुला फक्त एवढंच हवं होतं की तुझा स्टार्टर जाताना बदनाम होऊन जाऊ नये. म्हणजे तुझी अठ्ठावीस वर्षं. मला हे त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी उठलो नाही.

मग ते अडतीस दिवस. तू पेटीवर बसणं सोडलंस, पाणी तापलं की बाहेर झाडाखाली जायचास. काम अडलं नाही. मोटरचे कार्बन ब्रश आलेत हे तू दुसऱ्याकरवी सांगायचास, बदलून टाक हे मी दुसऱ्याकरवी सांगायचो. आपल्यामधला निरोप्या कंटाळून म्हणाला, "आप दोनों मियाँ-बीवी हो क्या?" आपण दोघंही हसलो नाही. तूही हसू दाबलंस, ते मी बघितलं. तेव्हाच पुढे व्हायला पाहिजे होतं.

एक रविवार मात्र मी निघालो होतो. हे कुणालाच माहीत नाही. मुरब्याच्या बंदरावर आलो. होडीनं खाडी ओलांडली की सातपाटी, तिथून तुझं शिरगाव केवढंसं. हातात पिशवीत बोंबील होते. बायकोला सांगितलं होतं, हरेश्वरकडे जातो. पाणी ओसरलं होतं, होडी चिखलात होती. होडीवाला म्हणाला, "तास-दीड तास थांबा, भरती लागली की नेतो." मी थांबलो नाही. रस्त्यानं फेरा मारून येता आलं असतं, तेही केलं नाही. खरं सांगू? ओहोटी बघून मला बरं वाटलं. येऊन काय बोलायचं हे ठरत नव्हतं, आणि ओहोटीनं मला सोडवलं. पिशवी तशीच घरी आणली आणि बायकोला म्हटलं, तो घरी नव्हता.

त्यानंतरच्या गुरुवारी फोन आला. तू वाडीत पडलास, गोड्या विहिरीजवळ, सकाळी पंप चालू करायला गेला होतास. मी त्या वेळी मिलमध्ये होतो. तुझी मोटर चालू होती. मी बंद करायला सांगितली नाही, तुला ते आवडलं नसतं. तसाच निघालो.

खांदा दिला तुला. अडतीस दिवस एक शब्द दिला नाही आणि खांदा दिला. समुद्राकडच्या वाटेवर लोक म्हणत होते, दोघं सख्ख्या भावांसारखे होते. मी ऐकत होतो. कुणीतरी मला म्हणालं, धीर धरा. मी धीर धरण्याच्या लायकीचा नाही, असं मोठ्यानं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. मला वेळेवर काही म्हणताच येत नाही.

पाचव्या दिवशी मी दुसरा रिपोर्ट लिहिला. साहेबांनी वाचला. चांगला माणूस आहे, वयानं माझ्या मुलाएवढा. म्हणाला, "जनार्दनराव, ऑर्डर गेली आहे, ती काही फिरत नाही. दोन महिन्यांत जुना स्टार्टर निघणार. मग हे कशासाठी? उलट तुमच्याच फाइलला लागेल. रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत तुमचे." मी म्हटलं, "लागू दे." तो म्हणाला, "निदान शेवटची ओळ काढा. रिपोर्टमध्ये असलं काही लिहीत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, मागचा रिपोर्ट सगळा त्या एका ओळीवरच लिहिलेला होता." त्यानं माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि आधीच्या रिपोर्टला हा जोडून फाइलमध्ये लावला. मला दोन दिवसांनी खुलासा मागणारं पत्रही आलं. ते बरोबरच आहे.

त्या रिपोर्टची एक प्रत खिशात घालून मी तेराव्यानंतर तुझ्या घरी गेलो. या वेळी रस्त्यानंच गेलो. सुलभावहिनी ओटीवर विड्याची पानं पुसत बसल्या होत्या. पानं खुडायला आली होती, म्हणाल्या, आणि कुणीतरी ते करायला हवंच. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं, टँकरपासून. मग कागद काढला आणि म्हटलं, वाचून दाखवतो.

त्यांनी हात पुसले. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, हे मला कशाला वाचून दाखवता? हे त्यांना वाचून दाखवायचं होतं. ते रोज विचारायचे."

मी विचारलं, काय विचारायचे.

"घरी आले की आधी तेच. म्हणायचे, जनार्दन आला होता का?"

मग त्या परत पानं पुसायला लागल्या. मी कागद घडी करून खिशात ठेवला. चहा घेतला की नाही ते आठवत नाही.

तर हरेश्वर, वहिनींचं खरं आहे. तो कागद तुलाच वाचून दाखवायचा होता. उशीर झालाय, पण वाचतो. मध्ये बोलू नकोस, तुला सवय आहे.

मी जनार्दन, इलेक्ट्रिकल सुपरवायझर, लिहून देतो की मोटरच्या स्टार्टरच्या टाकीचा वॉल्व्ह गळाल्याने टाकीतले अर्ध्याहून जास्त पाणी गेले होते. ते मी टँकरच्या पाण्याने भरून घेतले. ते पाणी मचूळ होते. मी ते तपासले नाही. त्यात गोड्या पाण्याच्या मापाने सोडा टाकला, तोही एकदम टाकला. त्यामुळे मोटर झटक्याने सुरू होत राहिली आणि कपलिंग तुटले. झटका पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आला होता, मी मोटर थांबवली नाही. स्टार्टर चांगल्या स्थितीत होता. प्लेटी साफ होत्या, त्यांची हालचाल अडखळत नव्हती. त्याची देखभाल हरेश्वर अठ्ठावीस वर्षे करत होते, त्यांच्या कामात कसूर नव्हती. आधीच्या रिपोर्टमध्ये मी हे लिहिले नाही, कारण मला राग आला होता.

झालं वाचून. खाली माझी सही आहे. आता तू काहीतरी बोल, हरेश्वर. शिवी दिलीस तरी चालेल.